त्यांचा घसा आणि माझं अळू

अळूची भाजी खाल्ली की आमच्या ह्यांचा घसा खवखवतो, असं मी पंधरा वर्षं लोकांना सांगत आले. दिल्लीच्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, पोटच्या मुलीला सांगितलं. सांगताना वर हसायचेही, की बघा, जन्म रत्नागिरीचा आणि अळू सोसत नाही. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मग वाटतं, माझ्याच का, त्यांच्या का नाही? हे मी राग काढायला लिहितेय, ते आधीच सांगून ठेवते. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी निवळलेली नाही.

लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात काढली. हे एका सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होते, कापड तपासायचे, आणि क्वार्टर नोकरीबरोबर मिळालेलं. वरच्या मजल्यावर वसईची एक ख्रिश्चन बाई राहायची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, नवरा टपाल खात्यात. आमची गट्टी जमली ती शिव्यांवरून. दोघी मिळून दिल्लीच्या भाजीबाजाराला शिव्या घालायचो. बाकी सगळं एक वेळ सोसलं असतं, पण मनासारखं अळू मिळायचं नाही. इथे अरबीचे कंद खातात आणि पानं गाईला घालतात. पानं मागितली तर भाजीवाला माझ्याकडे दयेने बघायचा, हिच्या घरी चूल पेटत नाही बहुतेक. ऋषिपंचमीला तर नुसती पंचाईत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, परसात आपसूक उगवलेलं खायचं, आणि त्या भाजीत अळूच नाही म्हटल्यावर उरलं काय? मंडळातल्या बायका पालक घालून वेळ मारून न्यायच्या. पालक घातलेली ती भाजी मी तोंडदेखली दोन घास खायचे आणि घरी येऊन वसईवालीपाशी तिचे वाभाडे काढायचे.

मुलगी चार वर्षांची असताना ह्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि पानिपतच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका खाजगी कारखान्यात लागले. तिथे कापडावर लेप चढवायचे. लेप चढला की कापडाला पाणी लागत नाही, तेल लागत नाही, डाग बसत नाही. तंबू, रेनकोट, सोफ्याची कापडं, गालिचे, सगळ्यांवर तोच लेप. आम्ही राहायचो त्या कारखान्याच्या कॉलनीतल्या प्रत्येक घरात त्या कापडाचे नाकारलेले तुकडे असायचे. माझ्या जेवणाच्या टेबलावर होता, मुलीच्या दप्तरावर होता, तिच्या गादीखालीसुद्धा होता. आमटी सांडली तर नुसती झटकून टाकायची. माहेरची माणसं आली की मी मुद्दाम त्यांच्यासमोर चहा सांडून दाखवायचे.

घरामागे परसू होतं आणि परसाला लागून सिमेंटचा नाला. कारखान्याचं पाणी टाकीत साफ करून त्या नाल्यातून सोडत. कधी कधी त्यावर पांढरा फेस यायचा. मी माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, साबुन का ही पानी समझ लो, मैडमजी. मी समजले. माझ्या जागी दुसऱ्या कुठल्या मुलखाची बाई राहायला आली असती तर तिला तिथे नाला दिसला असता. मला अळूची जागा दिसली. आपल्याकडे मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लावतात. माझ्या आईने लावलं, सासूने लावलं. सांडपाणी वाया जाऊ द्यायचं नाही, ही आपली अक्कल, आणि त्या अकलेचा मला कोण अभिमान. पुढच्या दिवाळीत मी नणंदेकडून कंद आणले, ओल्या पंच्यात गुंडाळून, रत्नागिरीहून दिल्ली आणि दिल्लीहून पानिपत. गाडीत दोन रात्री त्या पंच्यावर पाणी शिंपडत आले.

नाल्याच्या पाण्यावर वर्षभरात अळू असं माजलं की विचारू नका. सुपाएवढी पानं, मनगटाएवढे देठ. एकदा हे मुलीला परसात घेऊन गेले, एका पानावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो घरंगळत गेला तेव्हा म्हणाले, बघ, बाबा कारखान्यात कापडाला हेच शिकवतो. मुलगी टाळ्या वाजवत होती. तेव्हा ते घरात बोलायचे. कामावरचं, जेवणावरचं, सगळं बोलायचे.

दर ऋषिपंचमीला मी दिल्लीला अळू पाठवायला लागले. आधी एक पिशवी, मग दोन पोती. कॉलनीची बस सकाळी दिल्लीला जायची, ड्रायव्हर वसईवालीच्या दारात पोती टाकायचा आणि ती मंडळभर वाटायची. गणपतीच्या जेवणावळीत माझं अळू, कुणाच्या मुंजीत माझं अळू, डोहाळजेवणात माझ्या अळूच्या वड्या. बायका मला पानिपतची अळूवाली म्हणायच्या आणि पहिल्या रांगेत बसवायच्या. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? ज्या बाईने आयुष्यात दुसरं काही केलं नाही तिला दोन पोती अळूचासुद्धा माज येतो.

मुलगी सातवीत होती त्या वर्षीची ऋषिपंचमी. मी ताट वाढलं आणि ह्यांनी भाजीची वाटी हाताच्या उलट्या बाजूने सरकवली. म्हणाले, घसा खवखवतोय. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अळू खाजरं असतं, चिंच कमी पडली की घशाला खाज सुटते, आणि कोकणातल्या बाईला 'तुझ्या अळूने घसा खवखवला' म्हणणं म्हणजे तिच्या आईपर्यंत जाणं. मी शरमेने अर्धी झाले. पुढच्या वेळी चिंच दुप्पट घातली. त्यांनी वाटी सरकवली. आमसुलं घातली, ताक घातलं, देठ सोलून सोलून माझी बोटं काळी पडली. वाटी सरकतच राहिली. मुलगी तोंड वाकडं करून म्हणायची, आई यार, किती खट्टी केलीस! पण खायची. आम्ही दोघी खायचो आणि हे दहीभात कालवत बसायचे.

त्याच महिन्यात ह्यांनी घरात पाण्याचा मोठा फिल्टर बसवून घेतला. कॉलनीत कुणाकडे नव्हता तेव्हा. मी शेजारणींना बोलावून दाखवला, की आमच्या ह्यांना किती काळजी. नंतर एकदा म्हणाले, परसातलं अळू काढू, तिथे गुलाब लावू. मी म्हटलं, गुलाबाची भाजी होते का? एरवी मी उलटून बोलले की ते दोन शब्द ऐकवायचे, त्या दिवशी चप्पल घालून बाहेर निघून गेले. मला वाटलं, जिंकले.

दोनेक वर्षांनी कारखान्यात तपासणीला साहेब लोक यायचे होते. कारखान्याचा मॅनेजर स्वतः माझ्याकडे आला, हात जोडून. भाभीजी, वो जो पत्तेवाला पकोड़ा बनाती हैं आप, ज़रा ज़्यादा बना दीजिए. मी साठ अळूवड्या केल्या. साहेब लोकांना परसात आणलं आणि मॅनेजर सुपाएवढ्या पानांकडे बोट दाखवून म्हणाला, देखिए, हमारे इसी पानी पर. साहेबांनी माना डोलावल्या, वड्या खाल्ल्या, मला बिल्कुल लाजवाब म्हणाले. मॅनेजरने खाल्ली नाही, त्याचा मंगळवारचा उपास होता. तो दिवस खरंच मंगळवार होता, मी नंतर आठवून आठवून पाहिलं, तेव्हा त्या एका गोष्टीसाठी मी त्याला काही म्हणू शकत नाही. माझा नवरा मात्र तिथेच भिंतीला पाठ लावून उभा होता. ज्या पाण्याचं कौतुक चाललं होतं ते पाणी काय आहे हे त्याला माहीत होतं, आणि तो बुटांकडे बघत होता. मी डबाभर वड्या त्याच्या हातात दिल्या, की उरलेल्या ऑफिसात वाटा. त्याने त्या नेल्या. वाटल्या की टाकल्या, ते आजवर विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

मुलीचं लग्न झालं, ती गुरुग्रामला राहायला गेली, नोकरी लागली, आणि सत्ताविसाव्या वर्षी दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात माझ्याकडे आली. थायरॉइडची गोळी सोबत होती. माझीही बारा वर्षं सकाळची पहिली गोष्ट तीच गोळी. मायलेकींना एकच दुखणं, म्हणून आम्ही हसायचो. तिला डोहाळे लागले ते अळूचे. पानिपतकडे वाढलेली पोर, निम्मी भाषा हिंदी, देठ म्हणजे काय हे तिला दहादा सांगावं लागे, पण भूक मात्र अस्सल निघाली. सकाळी फतफतं, संध्याकाळी वड्या, मधेच वाटीभर नुसती भाजी. मला आणखी काय हवं होतं? मी रोज परसात जाऊन कोवळी पानं खुडायचे. त्या तीन महिन्यांत ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, रोज रोज अळू कशाला, दुसरं काही करत जा. मी म्हटलं, तुमचा घसा तुमच्यापाशी ठेवा, पोरीचे डोहाळे मोडू नका. ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मुलगी समोर खात होती आणि ते वर्तमानपत्र वाचत होते.

नात झाली. वजन थोडं कमी भरलं, बाकी ठणठणीत. ती दोन महिन्यांची असताना कॉलनीच्या गेटवर नोटीस लागली. परदेशातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने माल घेण्याआधी पाण्याची तपासणी मागितली होती आणि त्या तपासणीचा कागद आता दडपता येईना. हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, बोअरचं पाणी पिऊ नये, नाल्याचं पाणी भाज्यांना, गुराढोरांना देऊ नये, पुढील आदेशापर्यंत. खाली सही नव्हती, नुसता शिक्का.

मी घरी आले, पदर खोचला आणि अळू उपटायला घेतलं. हाताला तेलसुद्धा लावलं नाही. दुपारपर्यंत कोपरापर्यंत हात लाल, खाजेने वेड लागायची पाळी, पण एक कंद ठेवला नाही. मग प्रश्न, टाकायचं कुठे? कॉलनीच्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, याबद्दल काही इन्स्ट्रक्शन आलेली नाही. जाळावं तर धूर कुणाच्या नाकात, पुरावं तर जमिनीत. शेवटी माळ्याने तो सगळा ढीग उचलून नाल्यात टाकला.

मुलगी खिडकीतून बघत होती, बाळ अंगावर पीत होतं. तिने फोनवर सगळं वाचून काढलं होतं. मला आत बोलावून तिने एकच विचारलं. "आई, बाबांना हे माहीत होतं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांना विचारलं. ते म्हणाले, मला कसं माहीत असणार, आत्ताच तर कळतंय. मी बाहेर येऊन मुलीला सांगितलं, नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी जावई आले आणि ती तीन महिने पुरे न करताच बाळाला घेऊन गेली. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले, कारण ते ज्या ओट्यावर वळले तो ओटाही तिला नको होता.

गुरुग्रामला डॉक्टरकडे मीही सोबत गेले. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, आणि मला त्याचा इतका राग आला की बसवेना. म्हणाला, कापडाच्या लेपातलं हे रसायन मोडत नाही, कुजत नाही, शरीर ते पचवत नाही आणि चटकन बाहेरही टाकत नाही, वर्षानुवर्षं राहतं. मी विचारलं, आमचं थायरॉइड यामुळेच ना? तो म्हणाला, असू शकतं. बाळाचं वजन? असू शकतं. लिहून द्याल का? नाही, तसं लिहून देता येणार नाही. आग लागो त्या असू शकतंला. मुलीने दुधाबद्दल विचारलं. तो म्हणाला, पाजत राहा, आईच्या दुधाचे फायदे मोठे आहेत. ते दुधातून जातं का? थोडं जातं. आईच्या अंगातलं त्यामुळे कमी होत जातं. मुलीने मांडीवरच्या बाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी रिकामी होणार आणि ही भरणार." घरी येऊन तिने पाजलं, कारण बाळाला भूक लागली होती.

मी मंडळातल्या बायकांना एकेक करून फोन लावले. माझ्या हातचं खाल्लंय, माझ्या तोंडून कळलं पाहिजे. एकीने विचारलं, शिजवल्यावर जात असेल ना गं? एक म्हणाली, आम्ही तर मजेत आहोत, कशाला लोकांना घाबरवतेस. जिच्या मुलाच्या मुंजीला मी दोन दिवस राबले तिने आय-माय काढून फोन आपटला, आणि ती एकटीच मला शहाणी वाटली. वसईवाली आता विधवा, मुलाकडे द्वारकेला असते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, तुझा नवरा तर तिथलाच केमिस्ट ना गं? मी तिला झटकलं, म्हटलं त्यांचं काम कापडाचं, पाण्याचं नाही. फोन ठेवल्यावर त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तीन महिन्यांनी हे निवृत्त झाले आणि आम्ही नोएडातल्या फ्लॅटमध्ये जायला सामान बांधायला घेतलं. ह्यांच्या टेबलाच्या तळच्या खणात एक फाइल होती. फाइलमध्ये एकच कागद, कारखान्याच्या आतल्या आत फिरलेला, पाच जणांनी वाचून सह्या केलेला. नाल्याच्या पाण्यात काय सापडलं त्याची लांबलचक नावं, आणि खाली एक ओळ, खाण्याच्या झाडांना हे पाणी घालू नये. तिसरी सही ह्यांची. तारीख बघितली. मुलगी सातवीत होती ते वर्ष. ऋषिपंचमीच्या बरोबर आठ दिवस आधीची.

मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ते दोरी बांधत होते. कागद बघून त्यांनी दोरी खाली ठेवली, एवढंच. म्हणाले, तेव्हा काही सिद्ध झालं नव्हतं, कायद्यात त्या रसायनाचं नावसुद्धा नव्हतं, बाहेर बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि घरात मी फिल्टर बसवला होता. मी म्हटलं, पाण्याला फिल्टर आणि अळूला? आम्ही समोर बसून खात होतो, तुम्ही बघत होता. तेव्हा ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अळू बंद कर म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. आणि एकदा तुला कळलं की साऱ्या दिल्लीला कळलं असतं."

म्हणजे दोष माझ्या तोंडाचा. मी बोलकी म्हणून पोरीच्या अंगात विष. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. बायकोच्या रांधण्यावर ठपका ठेवून स्वतःचा घसा वाचवला, पोरगी समोर गरोदर बसून खातेय तरी मूग गिळून राहिला, आणि पंधरा वर्षं मी त्या घशासाठी चिंच कोळत होते. मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं झाल्यावर ते म्हणाले, मुलीला सांगू नकोस. ती बाळाला घेऊन पुन्हा आपल्या दारात यायची नाही.

मी सांगितलं नाही.

रोज ठरवायचे की आज सांगेन. फोनवर ती बाळाचं बोलायची, कुशीवर वळली, आवाज ओळखते, आणि मी म्हणायचे, आज राहू दे. वसईवालीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, मुलीला सांगितलंस का? मी नाही म्हटलं, आणि त्यानंतर दर फोनला ती तेच विचारायची. मी तिच्यावर चिडायला लागले. शेवटी तिचे फोन घ्यायचे बंद केले. घरात ह्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ताट आपटून वाढत होते, आणि मनात म्हणत होते की बघा, मी तुमच्यासारखी नाही.

दोन महिने असे गेले. नात सातव्या महिन्यात आली तेव्हा तिचं उष्टावण आमच्याकडे, नव्या फ्लॅटमध्ये करायचं ठरलं. मुलीनेच सुचवलं. म्हणाली, ती जागा सुटली, आता काही प्रॉब्लेम नाही. मी सकाळपासून राबले. तांदळाची खीर केली, चांदीची वाटी घासली, पाट मांडला. मुलगी आली, जावई आले, बाळाला परकराचं इवलंसं कापड नेसवलं होतं. पहिला घास मामाने भरवायचा, पण माझी एकुलती एक, बाळाला मामा नाही. मुलीने बाळाला ह्यांच्या मांडीवर ठेवलं, वाटी हातात दिली आणि म्हणाली, बाबा, तुम्हीच भरवा.

त्यांनी बोटातली सोन्याची अंगठी काढली, खिरीत बुडवली आणि बाळाच्या ओठाकडे नेली. हात जरासुद्धा थरथरला नाही. तेच मला सोसलं नाही. थरथरला असता तर कदाचित मी आणखी एक दिवस काढला असता.

"थांब," मी मुलीला म्हटलं. "बाबा अळू का खात नव्हते, ते आधी त्यांना विचार."

ती हसली. म्हणाली, घसा खवखवतो ना त्यांचा. कुणीच हसलं नाही म्हणून तिने त्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी अंगठी वाटीत ठेवली, वाटी पाटावर ठेवली आणि कागद बघून मला म्हणाले होते तेच वाक्य म्हणाले, की त्या वेळी काही सिद्ध झालं नव्हतं. मुलगी मूर्ख नाही. तिने हळूच विचारलं, मी कितवीत होते? ते म्हणाले, सातवीत. जावयांनी उठून बाळाला त्यांच्या मांडीवरून उचललं.

मी वाट बघत होते. आता ती ओरडेल, आता त्यांना फाडून खाईल, आणि मी तिच्या शेजारी उभी राहीन. दोन महिने मी हीच वाट बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं. पण ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ती माझ्याकडे वळली.

"आणि तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, सामान बांधताना. ती म्हणाली, म्हणजे दोन महिने झाले. मी हो म्हटलं. मला खूप काही सांगायचं होतं. तुला त्रास नको म्हणून, आता सांगून काय बदलणार होतं म्हणून, तू येणार नाहीस म्हणून. एकेक कारण जिभेवर आलं आणि एकेक मी गिळलं, कारण ती सगळी ह्यांची होती. माझं स्वतःचं असं एकच होतं, मला नात हवी होती, आणि तेसुद्धा त्यांचंही असेल.

पाटावर खीर थंड होत होती. मुलीने वाटीकडे बघितलं आणि विचारलं, "ही कुठल्या पाण्यात केलीस?"

मी म्हटलं, फिल्टरच्या. खरंच फिल्टरच्या पाण्यात केली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी मी तिच्या तोंडाकडे बघायचे तशी, खोटं पकडायला. मग तिने पाटावरची वाटी बाजूला सरकवली. आपल्या पिशवीतून एक केळं काढलं, सोललं, बोटाने कुस्करलं आणि जावयांच्या कडेवरच्या बाळाला तिने स्वतःच्या हाताने पहिला घास भरवला.